तायडे बाई आणि पट्ट्याची पायरी

तायडे बाईंना कुणी आधाराला हात दिला, की त्या त्या हाताकडे अशा बघायच्या की देणाऱ्याला वाटावं, आपण नखं कापलेली नाहीत. ऑटोवाले, बँकेतले शिपाई, नुकतेच पाया पडून उठलेले माजी विद्यार्थी, सगळ्यांनी ती नजर खाल्लेली होती. मीही खाल्ली. माझी अक्कल जरा उशिरा उगवते, म्हणून पुन्हा पुन्हा खाल्ली.

बाई अमरावतीत आमच्या शेजारी राहायच्या. त्याआधी शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला होता. फळ्यावर त्या हातानेच महाराष्ट्राचा नकाशा काढत, आणि त्यात वऱ्हाड नेहमी जरा ऐसपैस यायचं. एकदा मी शहाणपणा करून म्हटलं, "बाई, आपला भाग मोठा दिसून राहिला." बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "जवळचं मोठंच दिसते," म्हणाल्या, आणि मुंबई एका टिंबात उरकली.

भूगोलाच्या या बाईंना रस्ते मात्र अजिबात कळत नसत. पण हे त्यांना कधी कळलं नाही. गाडीत त्या पुढेच बसायच्या, हातातली काठी काचेकडे रोखून "डावीकडे घे" म्हणायच्या, आणि आपण एखाद्याच्या गोठ्यात जाऊन थांबायचो. म्हशी आपल्याकडे बघतायत, आपण म्हशींकडे, आणि बाई शांत. "नकाशा बरोबर हाय. रस्ता चुकला."

आता माझ्या गाडीबद्दल सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझा धंदा लग्नपत्रिका छापायचा. दिवसभर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' बघून माणसाचं डोकं कुठेतरी पळून जायला बघतं. माझं मोबाईलवर पळालं. परदेशातले लोक मोठ्या गाड्या घेऊन, छतावर तंबू बांधून, वाळवंटं आणि डोंगर तुडवत महिनोन्‌महिने फिरतात, असे व्हिडिओ मी बघायला लागलो. त्याला ओव्हरलँडिंग म्हणतात. एका भरल्या मोसमाच्या कमाईवर मी जुना, चारही चाकांना जोर असलेला, दोन रांगांचा पिकअप घेतला. लडाखला जायचं ठरवलं. त्या गाडीने सगळ्यात लांब मी मोर्शीपर्यंत गेलो होतो, तेही पत्रिकांचा गठ्ठा पोचवायला आणि येताना संत्री आणायला.

मी बाईंना ओव्हरलँडिंग समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे जमिनीवरून जाणं."

"हो, पण..."

"मंग बाकीचे काय इमानानं जाऊन राहिले?"

पिकअप उंच होता. बाईंचे टोंगळे, म्हणजे गुडघे, कधीच कामातून गेले होते. त्यामुळे मी सगळ्यात आधी दोन्ही बाजूंना चकचकीत साइड स्टेप लावल्या. दाराखाली लोंबणाऱ्या, आरशासारख्या. बाई काठी टेकवत आल्या, पायरीवर पाय ठेवला, दाराच्या आतला दांडा धरला आणि कुणाच्याही मदतीशिवाय पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "बरी हाय गाडी," म्हणाल्या. मला विद्यापीठाने पदवी दिल्यासारखं झालं. ती मला खऱ्या विद्यापीठाने कधी दिलेली नव्हती.

ते सुख भातकुलीपर्यंत टिकलं. तिथे माझ्या साळ्याचं, म्हणजे बायकोच्या भावाचं, वावर आहे. साळ्यासमोर गाडीचा जोर दाखवायचा म्हणून मी रस्ता सोडून सरळ धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, गाडी घातली. पुढची चाकं पलीकडे उतरली आणि गाडी पोटावर बसली. साइड स्टेप बांधावर टेकली, वाकली, वर दबली आणि दारात घुसली. दार उघडेना. दुसऱ्या बाजूचंही उघडेना. निंदणाऱ्या बायका विळे खाली ठेवून उभ्या राहिल्या आणि मी, लडाखला निघालेला माणूस, खिडकीतून डोकं आधी काढून बाहेर आलो. साळा म्हणाला, "भाऊजी, वासरू बी पाय पहिले काढते." वासराचे पुढचे पाय खरंच आधी येतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग मी व्हिडिओ नव्याने बघितले आणि मला रॉक स्लायडरचा शोध लागला. स्लायडर म्हणजे दाराखाली, थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पकडून बसवलेला जाड लोखंडी पाइप. गाडी दगडावर आपटली तर सगळा भार तो घेतो, दाराला धक्का लागत नाही, आणि गाडी त्याच्यावरून घसरत पुढे सरकते. साइड स्टेप असते माणसाच्या पायासाठी, स्लायडर असतो दगडासाठी. दिसायला दोन्ही भावाभावांसारखे. मी निष्कर्ष काढला, की साइड स्टेप लेच्यापेच्या लोकांसाठी असते.

अकोल्याला रशीदभाई होते. ट्रॉल्या, फाटकं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, लोखंडाचं काहीही करायचे. त्यांना मी व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "बना देता. मगर इतना ऊपर, इतना अंदर? पैर किधर रखोगे?" मी म्हटलं, "रशीदभाई, हा पायासाठी नाही. दगडासाठी आहे." त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि काम सुरू केलं. व्हिडिओतल्यासारखेच स्लायडर झाले. वर, आत, गाडीच्या अंगाला चिकटून. मी खूश होऊन अमरावतीला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. त्या इस्त्रीची पांढरी साडी नेसून, खाऱ्या मुरमुऱ्यांची पुडी पिशवीत टाकून आल्या. दार उघडलं. पाय उचलला. पाय स्लायडरपर्यंत पोचला नाही. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा उचलला. या वेळी पोचला, पण पाइप इतका आत की नुसती बोटंच टेकली, आणि पाय घसरून खाली आला. आमची गल्ली सकाळी कधी रिकामी नसते. दूधवाला थांबला होता. माझी बायको मंदा गॅलरीत होती.

मी हात पुढे केला.

बाईंनी हाताकडे पाहिलं. या वेळी ती नखांची नजर नव्हती. दार त्यांनी स्वतःच हळू लावलं, जसं कुणी आजारी माणूस आत झोपला असावा, आणि कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन ऑटो केला.

त्यानंतर बाई आमच्याकडे येईनात. भेटल्या तर बोलायच्या, पण गाडीचा विषय नाही. मी आपणहून म्हटलं, "बाई, स्टूल ठेवतो गाडीत." तर म्हणाल्या, "ठेव. तुले बसाले कामी येईन."

आणि अशात मेळघाटातून फुलवंतीचा फोन आला.

बाईंची पहिली नेमणूक मेळघाटातल्या एका कोरकू गावात झाली होती. फुलवंती त्यांची पहिल्या वर्गातली पहिली मुलगी. ती आता आजी झाली होती, आणि तिची नात त्याच शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होणार होती. "बाई, तुमी या. तुमी खडू तिच्या हाती द्या," असं फुलवंतीचं म्हणणं. बदली होऊन गाव सोडताना बाईंनी मुलांना, आमच्याकडे बायकाही म्हणतात तसं, 'येतो' म्हणून सांगितलं होतं. ते येणं राहून गेलं होतं.

हे मला बाईंनी नाही, मंदाने सांगितलं. गावाच्या आधी नदी आहे, पूल वाहून गेलेला आहे, आणि पात्रात गोटेच गोटे आहेत, हेही तिनेच सांगितलं. भाड्याच्या गाडीवाल्यांनी नकार दिला होता. "पोट्टे खाटेवर उचलून नेतो म्हनतेत नदीतून," मंदा म्हणाली. "बाई म्हने, खाटेवर मी एकदाच जाईन, अन् ते बी मले कळनार नाही तवा."

मी बाईंच्या दारात गेलो. "बाई, अकोल्याला चला. रशीदभाईसमोर तुमी सांगा, कशी पायरी पाहिजे."

"गाडीत चढू कशी? चढता येत असतं तं अकोल्याले काहून गेलो असतो?"

शेवटी बाई अकोल्याला रेल्वेने आल्या, आणि मी गाडी घेऊन रस्त्याने. गाडीत पाच जणांची जागा असताना मी एकटा, आणि ज्यांच्यासाठी चाललोय त्या बाई आगगाडीत. ओव्हरलँडिंगच्या कुठल्याही व्हिडिओत असा प्रवास मी बघितलेला नाही.

रशीदभाईंनी बाईंना खुर्ची दिली. बाईंनी ती नाकारली आणि गाडीभोवती काठी टेकत एक फेरी मारली, परीक्षा केंद्रावरच्या पर्यवेक्षकासारखी.

"हे नळकांडं कायले?"

"पत्थर के वास्ते, बाई."

"अन् माणसाच्या वास्ते?"

रशीदभाईंनी माझ्याकडे बोट केलं. "इनसे पूछो. मैं तो बोला था."

मग खरी अडचण समोर आली. बाईंचा पाय पोचेल इतकी खाली पायरी लावली, तर ती नदीत पहिल्याच गोट्याला लागून वाकणार, आणि माझं वासरू पुन्हा खिडकीतून जन्माला येणार. गोटे चुकवायचे म्हणून वर ठेवली, तर बाई चढणार नाहीत. रशीदभाईंनी विटा रचल्या. बाईंनी पाय ठेवून पाहिला. एक वीट काढली, पुन्हा पाहिला. "हितं," बाई म्हणाल्या, आणि रशीदभाईंनी दाराशी खडूने खूण केली. बाईंनी तो खडू त्यांच्याकडून मागून घेतला आणि खूण सरळ केली.

रशीदभाई खुणेकडे बघत चहा प्यायले. मग आत गेले आणि जिनिंग फॅक्टरीतून मोडीत निघालेलं पट्ट्याचं भेंडोळं घेऊन आले. सरकी आणि कापूस वेगळे करणाऱ्या यंत्रांना फिरवणारा तो जाड, रबरी पट्टा. अकोल्यात अशा पट्ट्यांना तोटा नाही. विहिरीवरच्या मोटरपासून दुकानाच्या पायपुसण्यापर्यंत त्यांची दुसरी जिंदगी चालते.

त्यांचा बेत असा होता: स्लायडर राहू द्यायचा, पण जरा बाहेर आणायचा, म्हणजे त्यावर अख्खा पाय मावेल. आणि त्याच्या खाली एक पायरी पट्ट्यांवर टांगायची. गोटा लागला की ती मागे झुलेल, गोटा गेला की परत जागेवर येईल. वाकणं नाही, मोडणं नाही.

पहिली पायरी टांगून झाली. बाईंनी तिच्यावर पाय ठेवला. ती हलली. बाईंनी पाय काढून घेतला.

"हा तं झोका झाला रशीदभाई. मले चढाचं हाय, खेळाचं नाही."

रशीदभाईंनी पट्टे काढले आणि दुहेरी कापायला घेतले. तेवढ्या वेळात बाई शेवटी खुर्चीवर बसल्या. मुरमुऱ्यांची पुडी उघडून माझ्यापुढे केली. तो समेट होता.

मला गप्प बसवत नाही, हे माझं जुनं दुखणं. मी विचारलं, "बाई, दाराचा दांडा धरता तुमी. मंग माणसाचा हात काहून नाही चालत?"

"दांडा मंग कोनाले सांगत नाही, म्या बाईले चढवलं म्हनून."

आणि मग हसत हसत, एखाद्या वात्रट विद्यार्थ्याची गोष्ट सांगावी तशी त्यांनी सांगितली. त्यांचं लहानपण भातकुलीकडच्या एका खेड्यात गेलं. आई-वडील लोकांच्या वावरात मजुरीला. शाळा पलीकडच्या गावात. त्या बाजूला जाणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, मिळाली तर मालक म्हणायचा, बस, पण मागं. बाकीच्या पोरांना तो हात देऊन वर ओढायचा.

"मले देत नव्हता. शिवलं असतं ना. मंग चाकाले धरून, आखाले पाय लावून आपलं आपनच चढाचं. पडलो तं पडलो." त्यांनी मुरमुरे तोंडात टाकले. "तवा ठरवलं, बसीन तं समोर बसीन. अन् चढीन तं माही मी. आता सारं गाव हात देऊन राहिलं, तं मलेच सवय नाही राहिली."

ती बंडी कुणाची होती, हे मी विचारलं नाही. माझ्या आजोबांकडेही बंडी होती, आणि भातकुली काही फार मोठी नाही. मी मुरमुरे खात राहिलो. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुडी माझ्याकडे आणखी सरकवली.

दुहेरी पट्ट्याची पायरी हलली नाही. बाई चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. रशीदभाईंनी वरच्या स्लायडरवर जाळी लावली, म्हणजे आपली काळी चिकण माती खाली गळून पडेल आणि पाय घसरणार नाही. माझ्या बाजूला मात्र मी हट्टाने चकाकती, नक्षीची पत्र्याची पट्टी लावून घेतली. व्हिडिओत तशी होती. खालची पायरीही नको म्हटलं. "मला कशाला?"

अकोल्याहून बाई गाडीने परत आल्या. पुढच्या सीटवर.

मेळघाटात आम्ही पहाटे निघालो. परतवाड्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथून पुढे बाईंनी सूत्रं हाती घेतली, आणि आम्ही एका संत्र्याच्या बागेत गेलो. बागवाल्याने हसून संत्री दिली. बाई म्हणाल्या, "पाह्य, नकाशा बरोबर होता म्हनून संत्री भेटली."

नदी आली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. पात्रात पाणी थोडं होतं, पण गोटे बैलाएवढे होते. मी गाडी घातली. मध्यावर डावं चाक एका गोट्यावरून सटकलं आणि अख्खी गाडी बाईंच्या बाजूने खाली आदळली. लोखंडाचा असा आवाज आला की मी डोळे मिटले. चालवणाऱ्याने डोळे मिटू नयेत, हे मला मान्य आहे. गाडी थांबली नाही. स्लायडरवरून घसरत, कण्हत, ती गोटा ओलांडून गेली. बाईंनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं.

"झोका मागं गेला," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "आला परत."

गाव शाळेपुढे जमलं होतं. गाडी दिसताच चार-सहा जण हात पसरून बाईंच्या दाराकडे धावले. सगळ्यात पुढे एक पांढऱ्या केसांची बाई होती. दारापाशी पोचल्यावर ती थांबली. मागच्यांना तिने कोपराने अडवलं, आणि आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले, शाळेतल्या पोरीसारखे. ती फुलवंती होती. तिच्या लक्षात होतं.

बाईंनी दार उघडलं. दांडा धरला. एक पाय जाळीवर, मग दुसरा. मग खाली, पट्ट्याच्या पायरीवर. काठी जमिनीला टेकली, आणि बाई उतरल्या.

"आलो," त्या फुलवंतीला म्हणाल्या.

वर्गात बाईंनी नव्या मास्तरणीच्या हातात खडू दिला, पण त्याआधी फळ्यावर स्वतः महाराष्ट्र काढून घेतला. त्या दिवशी त्यात मेळघाट जवळजवळ पुण्यापर्यंत आला होता.

परतताना नदीपलीकडे मी गाडी थांबवून खाली उतरलो आणि गाडीभोवती फिरून मर्दुमकीच्या खुणा पाहिल्या. बाईंच्या बाजूचा स्लायडर खरचटला होता, दार जसंच्या तसं होतं. मग मी माझ्या बाजूने ऐटीत चढायला गेलो. नक्षीच्या पत्र्यावर चिखलाचा थर बसलेला होता. पाय सटकला आणि मी नदीकाठच्या चिखलात असा बसलो, की उठायला धरावं असं आसपास काही नव्हतं.

वरून, माझ्या सीटवर आडव्या वाकून, बाईंनी हात खाली केला.

"धर."

मी त्या हाताकडे पाहिलं. खडूची पूड अजून बोटांवर होती.

"धर ना बे. मी कोनाले सांगत नाही."

मी धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने मला विचारलं, लागलं तर नाही ना जास्त.

त्यानंतर बाई पुष्कळ फिरल्या माझ्या गाडीतून. लडाख राहिलं ते राहिलंच. एके दिवशी डॉक्टरांनी बाईंना दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं. तातडीचं नव्हतं, संध्याकाळपर्यंत या म्हणाले होते. त्यांच्या भाच्याने रुग्णवाहिका बोलावतो म्हटलं. बाईंनी मला निरोप धाडला: गाडी काढ.

त्या बारीक झाल्या होत्या. पांढरी साडी इस्त्रीचीच होती. पट्ट्याच्या पायरीशी त्या थांबल्या. मी मागे उभा होतो, आणि माझे हात माझं न ऐकता वर येऊ लागले होते.

"अरविंदा," बाई मागे न बघता म्हणाल्या. "हात खिशात घाल."

मी घातले. भाच्यानेही घातले. गल्लीत उभ्या असलेल्या सगळ्यांनी आपापल्या हातांचं काही ना काही केलं. बाईंनी दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला आणि थांबल्या. खूप वेळ थांबल्या. मग जाळीवर पाय आला, मग दुसरा, आणि त्या समोर बसल्या.

त्या दवाखान्यातून बाई परत आल्या नाहीत. म्हणून मला आठवतो तो एवढाच प्रवास. मी गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बाईंनी काठी उचलली, काचेकडे रोखली आणि ठामपणे उजवीकडे दाखवलं.

दवाखाना डावीकडे होता. संध्याकाळ व्हायला अवकाश होता. मी उजवीकडे वळलो.